पहिल्या पानावर संपणारे युद्ध

गेल्या अंकातील टिपणात मी असे म्हटले होते की, दुसऱ्या महायुद्धावरच्या कुमार-कादंबऱ्यांमधून छळछावण्या पुष्कळ भेटतात, पण छावणीतून जिवंत बाहेर आलेल्या ज्यू मुलामुलींनी पुढचे आयुष्य कसे उभे केले, हे सांगणाऱ्या कादंबऱ्यांकडे आपले वाचक फारसे वळत नाहीत. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : नववीच्या वर्गात आम्ही अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतील काही भाग वाचला. एका मुलीने विचारले, ‘‘बाई, अ‍ॅन वाचली असती तर लढाई संपल्यावर घरी गेली असती ना?’’ मी हो म्हणाले, पण माझे उत्तर मलाच पटले नाही. हा प्रश्न धरून मुलांना वाचायला देता येईल असे काही आहे का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या शब्दावर बोट ठेवले आहे, कारण या सगळ्या साहित्याचा पेच ‘घरी’ या एका शब्दात आहे. अ‍ॅन ज्या जागेत लपली होती तेथील आठ जणांपैकी एकटे तिचे वडील, ऑटो फ्रँक, परत आले. जून 1945 मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचले, पण स्वतःच्या घरी गेले नाहीत. ज्या मीप खीस यांनी त्यांना लपवायला मदत केली होती, त्यांच्या बिऱ्हाडात ते पुढची सात वर्षे राहिले. म्हणजे गाव होते, ओळखीचे रस्ते होते, घर मात्र दुसऱ्याचे होते.

पोलंडमध्ये परतलेल्यांची स्थिती याहून बिकट होती. अनेकांच्या घरात दुसरीच माणसे राहत होती आणि दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्ती अधिक दिसे. 4 जुलै 1946 रोजी किएल्त्से या पोलिश शहरात, आठ वर्षांच्या एका मुलाने ज्यूंनी आपल्याला कोंडून ठेवल्याचे खोटे सांगितल्यावरून दंगल उसळली आणि 42 ज्यू मारले गेले. त्या वेळी युद्ध संपून वर्ष उलटून गेले होते. त्यानंतर हजारो ज्यूंनी पोलंड सोडले, आणि ज्या जर्मनीने त्यांचा संहार केला त्याच जर्मनीतील अमेरिकी ताब्याच्या भागात विस्थापितांच्या छावण्यांमध्ये ते आश्रयाला आले. हा उलटा प्रवास मुलांना नकाशावर दाखवावा. तारखा पाठ करून जे कळत नाही ते नकाशावर बोट फिरवताना कळते.

वाचनासाठी मी प्रथम योहाना राइस यांचे नाव सुचवीन. ‘द अपस्टेअर्स रूम’ (1972) या पुस्तकात त्यांनी हॉलंडमधील एका शेतकरी कुटुंबाच्या माडीवर आपण बहिणीसह लपून राहिलो त्या दोनहून अधिक वर्षांची हकीकत सांगितली. ते पुस्तक प्रसिद्ध झाले; त्याचा पुढचा भाग, ‘द जर्नी बॅक’ (1976), त्या मानाने कमी वाचला जातो, आणि मला तो अधिक धाडसी वाटतो. या भागात मुलगी खरोखरच घरी जाते. वडील आहेत, गाव तेच आहे. परंतु आई गेलेली आहे, बहिणींच्या वाटा वेगळ्या होऊ लागल्या आहेत आणि घरात आलेल्या सावत्र आईला टापटीप, रीतभात, चारचौघांत शोभणारी मुलगी हवी आहे. मुलीच्या मनात मात्र ते शेतावरचे घर आहे, जेथे तिला जिवाच्या भीतीने खिडकीजवळ उभेही राहता येत नव्हते आणि जेथे तिच्यावर कोणीतरी मनापासून माया केली होती. लपण्याच्या जागेची आठवण घरच्यासारखी यावी आणि घरात पाहुण्यासारखे वाटावे, ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावी लागत नाही. सुट्टीत मामाकडे राहून आलेल्या प्रत्येक मुलाला तिची पुसटशी ओळख असते.

दुसरी कादंबरी मोनिका हेसी यांची ‘दे वेंट लेफ्ट’ (2020). ही थोड्या मोठ्या मुलांना द्यावी. अठरा वर्षांची झोफिया छावणीतून सुटते आणि धाकट्या भावाच्या शोधात आधी पोलंडमधील आपल्या गावी आणि तेथून म्युनिकजवळच्या फ्योरेनवाल्ड येथील विस्थापितांच्या छावणीत जाते. ती छावणी खरोखर होती. युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांसाठी बांधलेल्या त्या वसाहतीतील रस्त्यांना अमेरिकनांनी आपल्या राज्यांची नावे दिली होती, त्यामुळे सर्वस्व गमावलेली माणसे बव्हेरियातील जंगलाच्या कडेला मिशिगन किंवा फ्लोरिडा रस्त्यावर राहत. अशा ज्यू छावण्यांपैकी सर्वांत शेवटी बंद झाली ती हीच, 1957 मध्ये. युद्ध संपल्यावर बारा वर्षांनी! पुढच्या तासाला त्या मुलीला एवढा आकडा सांगितलात तरी तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होईल.

प्रश्न : इंग्लंडमधील विंडरमिअर येथे नेलेल्या ज्यू मुलांवर मी मराठीत कुमार-कादंबरी लिहीत आहे. तीन प्रकरणे लिहून झाली आहेत, पण सगळे वर्णन पर्यटनासारखे होत आहे. काय चुकत असावे?
— एक लेखक, ठाणे

उत्तर : आपण निवडलेल्या प्रसंगातच तो सापळा आहे. 14 ऑगस्ट 1945 रोजी प्रागहून निघालेली स्टर्लिंग जातीची बॉम्बफेकी विमाने सुमारे तीनशे मुलांना घेऊन कार्लाइलजवळच्या धावपट्टीवर उतरली. ही मुले बहुतांशी पोलिश ज्यू होती, युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत थेरेसिएनश्टाट या नाझी छावणीत आणून टाकलेली, आणि त्यांत मुली थोड्याच होत्या. पाण्यावर उतरणारी विमाने बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांसाठी विंडरमिअर सरोवराच्या काठी कॅलगार्थ नावाची वसाहत उभारलेली होती. तेथे त्यांना ठेवण्यात आले. सरोवर, हिरवे डोंगर, स्वतंत्र खोली, पांढरी चादर. हे सारे इतके देखणे आहे की, लेखक तेथेच रमतो आणि निसर्गाने मुलांना बरे केले असे लिहून मोकळा होतो.

आपण सरोवराकडे पाठ करून भोजनगृहात बसावे, अशी माझी सूचना आहे. पांढरा पाव पाहून तो केक आहे असे वाटल्याचे पुढे मोठ्या झालेल्या या मुलांनी सांगितले आहे. टेबलावरचा पाव बघता बघता नाहीसा होई. मुले तो खिशात, सदऱ्यात कोंबून खोलीत नेऊन दडवत. ज्यांनी चार-पाच वर्षे उद्याच्या घासाची खात्री अनुभवली नाही, त्यांना ‘उद्याही मिळेल’ हे तोंडी सांगून पटत नाही. पाव पुन्हा पुन्हा येत राहिला, तेव्हा कोठे तो टेबलावर उरू लागला. आपल्या नायकाच्या गादीखाली सहा तुकडे ठेवा. तिसऱ्या दिवशी ते कडक होऊ द्या. पाचव्या दिवशी एक तुकडा कमी भरू द्या, आणि इतर मुलांवर चोरीचा आळ घेण्याच्या बेतात असताना त्याला आठवू द्या की, मध्यरात्री उठून, भूक नसताना, तो आपणच खाल्ला होता. त्यानंतर सरोवराचे वर्णन एका वाक्यात केले तरी चालेल.

दुसरी गोष्ट वयाची. ब्रिटिश सरकारने सोळा वर्षांखालील 1,000 मुलांना आणण्याची परवानगी दिली होती. इतकी मुले जिवंत सापडली नाहीत. या योजनेत पुढे आलेल्या सर्व तुकड्या धरून संख्या 732 झाली. आणि त्या 732 मध्येही सोळा ओलांडलेली अनेक मुले होती, ज्यांनी विमानात जागा मिळावी म्हणून वय कमी सांगितले. छावणीत याच मुलांपैकी कित्येकांनी कामाला लायक ठरावे म्हणून वय वाढवून सांगितले होते. आधी वाढवलेले, मग घटवलेले, आणि खरे वय ठाऊक असलेले आईवडील हयात नाहीत. कुमारवयाच्या कादंबरीला याहून चांगले सूत्र कोणते मिळणार? वाढदिवसाचे एक प्रकरण त्यावर सहज उभे राहील.

तिसरी गोष्ट कपड्यांची, आणि येथे विनोदाला जागा आहे, ती सोडू नका. उवा आणि टायफसच्या भीतीने मुलांचे जुने कपडे काढून घेण्यात आले. नवे वेळेवर पोहोचले नाहीत. काही मुले नुसत्या आतल्या कपड्यांवर परिसर धुंडाळत हिंडली, आणि इंग्लिश खेड्यातील सभ्य मंडळींनी ते पाहिले. हसू येईल असे प्रसंग या मुलांच्या आठवणींत पुष्कळ आहेत, कारण ती मुले होती. त्यानंतर रेड क्रॉसकडून नातेवाइकांविषयीची माहिती येऊ लागली आणि बहुतेकांना एकाच प्रकारची बातमी मिळाली. हे दोन प्रसंग शेजारी ठेवा, मध्ये भाष्य घालू नका.

भाषेविषयी थोडे लिहितो, कारण मराठीत लिहिताना हीच अडचण खरी येते. ही मुले आपसांत यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची घरगुती भाषा) किंवा पोलिश बोलत. त्यांच्या तोंडी पाठ्यपुस्तकी मराठी घातली तर ती कृत्रिम वाटते, आणि वऱ्हाडी किंवा मालवणी घातली तर वाचक विंडरमिअरहून थेट आपल्या गावी पोहोचतो. माझ्या मते यिडिशसाठी घरगुती, साधी, आखूड वाक्यांची मराठी वापरावी आणि इंग्रजी शब्द सुरुवातीला मुलाला ऐकू येतात तसेच सुटे येऊ द्यावेत. तिसऱ्या प्रकरणात ‘ब्रेड’, सहाव्यात ‘सायकल’, दहाव्यात एक पूर्ण वाक्य. भाषा येत जाते तसतशी कादंबरीची पानेही बदलतील.

शेवटी, कथा कॅलगार्थमध्ये संपवू नका. काही महिन्यांत मुले लंडन, मँचेस्टर, ग्लासगो येथील वसतिगृहांत विखुरली. लंडनच्या बेलसाइज पार्क भागात त्यांच्यासाठी प्रिमरोझ क्लब होता. तेथे टेबल टेनिस, नाच, वादविवाद आणि पहिली प्रेमप्रकरणे झाली. 1963 मध्ये याच मंडळींनी ‘45 एड सोसायटी’ ही आपली संस्था स्थापन केली. त्यांच्यातील बेन हेल्फगॉट यांनी 1956 आणि 1960 च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे भारोत्तोलनात भाग घेतला. हे नाव घेण्याचा मोह आपल्याला होणार, मलाही आत्ता आवरला नाही. परंतु आपला नायक शिंपीकाम शिकून एका खोलीत राहणारा असू द्या. सगळेच हेल्फगॉट झाले नाहीत, आणि जे झाले नाहीत त्यांनीही आयुष्य उभे केलेच.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. असली पुस्तके वाचून तिची झोप उडेल, अशी भीती वाटते. थांबावे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : थांबण्याची गरज नाही, मात्र पुस्तक आधी आपण वाचावे. युद्धोत्तर कथांमध्ये हिंसा बहुधा आठवणीतून येते, त्यामुळे त्या छावणीच्या कथांपेक्षा सोसायला हलक्या असतात. ऑस्ट्रेलियन लेखक मॉरिस ग्लाइट्झमन यांची फेलिक्स या मुलावरील मालिका 2005 साली ‘वन्स’ने सुरू झाली, तिच्यातील ‘सून’ युद्ध नुकतेच संपलेल्या पोलंडमध्ये घडते आणि ‘मेबी’मध्ये फेलिक्स ऑस्ट्रेलियाला पोहोचतो. मालिका क्रमाने वाचावी लागते आणि पहिली काही पुस्तके कठोर आहेत, हे मात्र ध्यानात असू द्यावे. मला काळजी वाटते ती उलट्या प्रकारच्या पुस्तकांची, ज्यांत इतिहासाला साखर लावलेली असते. ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजामाज’ हे अतिशय खपलेले पुस्तक या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी टाळावे, असे खुद्द आउशवित्झ छळछावणीच्या स्मारक संग्रहालयाने 2020 मध्ये जाहीरपणे म्हटले होते.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडची मुले राहत होती. ती हीच ज्यू निर्वासित मुले का? तसे असेल तर आपल्याच मातीतली कादंबरी होईल.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कादंबरी जरूर होईल, पण ती वेगळी असेल. वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती आणि ती बहुतांशी कॅथलिक होती. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून त्यांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले होते. तेथून सुटून इराणमार्गे ती भारतात आली. हिटलरच्या छळछावण्यांशी या मुलांचा संबंध नव्हता, आणि दोन्ही दुःखे खरी असली तरी एकाची कहाणी दुसऱ्याच्या तोंडी घालणे योग्य होणार नाही.

धागा जोडायचाच असेल तर एक खरा धागा आहे. त्याच सोव्हिएत हद्दपारीतून सुटून तेहरानला पोहोचलेल्या पोलिश निर्वासितांमध्ये ज्यू मुलेही होती, त्यांतली बरीचशी अनाथ. पॅलेस्टाइनला जाण्यासाठी इराकमधून वाट मिळेना, म्हणून आठशेहून अधिक ज्यू मुलांना बोटीने आधी कराचीला आणि तेथून सुएझकडे नेण्यात आले. फेब्रुवारी 1943 मध्ये ती पॅलेस्टाइनला पोहोचली. ‘तेहरानची मुले’ या नावाने ती ओळखली जातात. म्हणजे अखंड हिंदुस्थानच्या किनाऱ्याला त्यांचे पाय लागले, पण मुक्काम झाला नाही. एकाच आगगाडीतून सुटलेली दोन पोलिश मुले, एक कराचीमार्गे पॅलेस्टाइनला आणि दुसरे कोल्हापूरला, अशी कल्पना आपल्याला सुचली तर ती इतिहासाला धरून असेल. वळिवड्याच्या बराकी रिकाम्या होत असतानाच फाळणीचे सिंधी निर्वासित तेथे आले आणि त्या जागेचे गांधीनगर झाले, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. आज कापड खरेदीला तेथे जाणाऱ्या किती जणांना ते आठवते, कोण जाणे.

प्रश्न : या कथांपैकी अनेकींचा शेवट पॅलेस्टाइनला निघालेल्या बोटीवर होतो. हा शेवट एकतर्फी नाही का?
— एक प्राध्यापक, पुणे

उत्तर : बोट खरी आहे, तिच्यावर पडदा पाडणे मला खटकते. कॅरल मॅटस यांच्या ‘आफ्टर द वॉर’ (1996) या कादंबरीतील पंधरा वर्षांची रूथ अनाथ मुलांच्या एका गटाबरोबर गुपचूप सीमा ओलांडत पॅलेस्टाइनची वाट धरते, आणि त्या काळी हजारो मुलांनी तेच केले. युद्धानंतरच्या वर्षांत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीतील छावण्यांमधून सुमारे अडीच लाख ज्यू विस्थापित राहून गेले. अमेरिकेचे दरवाजे विस्थापितांना प्रवेश देणाऱ्या 1948 च्या कायद्यापर्यंत बरेचसे बंदच होते. कॅनडाने खास योजनेखाली 1,123 अनाथ मुले घेतली, ब्रिटनने 732. अशा वेळी सतरा वर्षांच्या मुलाला बोट दिसली तर तो चढणारच. परंतु बोट अनेकदा पोहोचतही नसे. तेव्हा पॅलेस्टाइन ज्यांच्या ताब्यात होते त्या ब्रिटिशांनी अडवलेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांना 1946 ते 1949 या काळात सायप्रसमधील तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले, आणि ‘एक्सोडस 1947’ या जहाजावरील सुमारे साडेचार हजार प्रवाशांना तर पुन्हा जर्मनीत नेऊन उतरवण्यात आले.

जे पोहोचले त्यांच्यातील अनेक तरुणांच्या हाती 1948 च्या, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या, अरब-इस्रायल युद्धात बंदूक आली. त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब आपल्या घरांतून विस्थापित झाले. निर्वासित मुलाला राहायला मिळालेले घर कोणा दुसऱ्या निर्वासिताने नुकतेच सोडलेले असू शकते, ही जाणीव ज्या कादंबरीत आहे ती मला प्रौढ वाटते, आणि कुमारवयीन वाचकाला ती झेपणार नाही असे मी मानत नाही. तो तर हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतो. बोटीवर पडदा पाडणाऱ्या लेखकाला त्याचे उत्तर द्यायचे नसते, एवढेच.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. तुम्ही सुचवलेल्या प्रकारची एक इंग्रजी कादंबरी वाचली. त्यातला मुलगा चोऱ्या करतो, खोटे बोलतो, मदत करणाऱ्या बाईंवर ओरडतो. मला तो अजिबात आवडला नाही. आवडायला हवा होता का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, आणि हे मोकळेपणाने लिहिलेस याचा मला आनंद झाला. तुला एक खरी घटना सांगतो. बुखेनवाल्ड छावणीतून वाचलेल्या मुलांपैकी 426 जणांना जून 1945 मध्ये फ्रान्समधील एकुई येथे नेण्यात आले. अंगावर घालायला दुसरे काही न मिळाल्याने त्यांतील अनेकांना हिटलरच्या युवक संघटनेचे गणवेश देण्यात आले होते, त्यामुळे वाटेत फ्रेंच लोक त्यांनाच नाझी समजून संतापले. शेवटी आगगाडीच्या डब्यावर ‘बुखेनवाल्डचे अनाथ’ अशा अर्थाचे शब्द रंगवावे लागले. एकुईला त्यांच्यासाठी चांगले जेवण केले होते. त्यात कामांबेअर नावाचे चीज आले. त्याला उग्र वास असतो. मुलांना वाटले, आपल्याला विष घालत आहेत, आणि त्यांनी ते चीज फेकून दिले. वाढणाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना कर. युद्धाने गांजलेल्या फ्रान्समध्ये ते चीज कोणीतरी मुद्दाम मिळवून आणले असणार.

त्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंनाही ती मुले त्या दिवशी आवडली नसतील. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा वाढावे लागलेच. लेखकाने तुझ्या नायकाला गोड केले असते तर तुला तो लगेच आवडला असता आणि आठवड्याने विसरलाही असता. तो बाईंवर ओरडतो ते पान पुन्हा काढ आणि त्याच्या आधीच्या पानावर त्याच्या हातातून कोणी काही घेतले का, त्याच्या पाठीमागे कोणते दार बंद झाले का, ते पाहा. तरीही नाही आवडला तर नाही आवडला. पण त्या पानावर काय सापडले ते मला पुढच्या पत्रात कळव.